‘रिकव्हरी चालू आहे, सर’

२०२४ च्या जून महिन्यातली गोष्ट. पेरणीची घाई होती, त्यामुळे ओपीडीत गर्दी कमी. चोवीस वर्षांचा एक तरुण वडिलांसोबत आला. तक्रारी अशा: छातीत धडधड, पोटात जळजळ, रात्री झोप नाही, जेवण जात नाही, दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरलेलं. वडील सांगत होते, "साहेब, लेकरू धड जेवना, झोपना. रातभर मोबाईल उशाला घेऊन पडतंय. पोलीस भरतीची तयारी करायलंय, त्याचंच टेन्शन असंल."

नाडी पाहिली, बीपी पाहिलं, ईसीजी काढला. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घेतलं. सगळं ठीक. वजन उतरलेलं म्हणून विचारलं, "मधे काही मोठं दुखणं झालं होतं का रे? टायफॉईड, कावीळ?"

तो खाली बघत म्हणाला, "नाही सर. आता रिकव्हरी चालू आहे."

मला बरं वाटलं. म्हटलं, "चांगलं आहे की. कधीपासून?"

"आयपीएल संपल्यापासून. आता वर्ल्ड कपमध्ये निघतील."

काय निघतील, ते मला कळलं नाही. वडिलांनाही कळलं नाही. त्यांना बाहेर चहा घ्यायला सांगितलं आणि पोराला समोर बसवून विचारलं. दहा मिनिटं तो काही बोलला नाही. मग बोलला. मोबाईलवरच्या फँटसी क्रिकेटमध्ये त्याचे एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये गेले होते. त्यात वडिलांच्या कापसाचे पैसे होते, मावसभावाकडून घेतलेले होते, आणि कर्ज देणाऱ्या दोन ॲपचेही होते. ‘रिकव्हरी’ म्हणजे गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा पैसे लावणं. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी हा शब्द वापरतो आहे. आमच्यासाठी रिकव्हरी म्हणजे पेशंट सुधारतोय. त्या पोराच्या तोंडी तोच शब्द आजार वाढत असल्याची खूण होता. मला तो कळला नसता, तर झोपेची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध देऊन मी त्याला घरी पाठवलं असतं. त्याआधी दोन ठिकाणी तेच झालं होतं.

म्हणून आज औषधांविषयी न लिहिता शब्दांविषयी लिहितोय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. दारू प्यायलेल्याच्या तोंडाला वास येतो. गुटखा खाणाऱ्याचं तोंड उघडत नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळाचा वास येत नाही, डाग पडत नाही, रक्ताच्या रिपोर्टमध्ये तो दिसत नाही. घरच्यांच्या कानावर आधी येते ती बदललेली बोली. ती बोली घरातल्या मोठ्यांना समजली पाहिजे.

प्रत्येक धंद्याची आपली बोली असते

आधी एक गैरसमज काढून टाकू. पोरं काहीतरी विचित्र इंग्रजी-मराठी बोलतात म्हणजे ती बिघडली, असं मुळीच नाही. चकलांब्यात किंवा उमापुरात ‘एक कोयता’ म्हटलं की कुणी हत्यार शोधत नाही. कारखान्यावर निघालेली नवरा-बायकोची जोडी, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. उचल, टोळी, मुकादम, खाडा हे शब्द बाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागतात. आम्ही डॉक्टरही चिठ्ठीवर ‘एसओएस’ लिहितो आणि गृहीत धरतो की ‘त्रास होईल तेव्हाच गोळी घ्या’ हे पेशंटला समजलं असेल. एकाच कामात गुंतलेली माणसं पटकन बोलता यावं म्हणून आपापले शब्द बनवतात. खेळणारी पोरंही तेच करतात.

तर फँटसी क्रिकेटची बोली थोडी समजून घेऊ. सामना खेळणाऱ्या दोन्ही संघांच्या बावीस खेळाडूंतून आपण अकरा निवडायचे. प्रत्येक खेळाडूला ठरावीक ‘क्रेडिट’ असतात. एकूण १०० क्रेडिटमध्ये संघ बसवायचा. खऱ्या मैदानात ते खेळाडू जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळतात. ‘सी’ म्हणजे कॅप्टन, त्याचे गुण दुप्पट. ‘व्हीसी’ म्हणजे व्हाइस कॅप्टन, त्याचे दीडपट. ‘जीएल’ म्हणजे ग्रँड लीग, लाखो लोकांची मोठी स्पर्धा. ‘एसएल’ म्हणजे थोड्या लोकांची छोटी. ‘हेड टू हेड’ म्हणजे दोघांतच लढत. ‘डिफरन्शियल’ म्हणजे फारसं कुणी न घेतलेला खेळाडू. तो चालला तर नंबर एकदम वर जातो. ‘लाइनअप आली’ म्हणजे टॉस होऊन प्रत्यक्ष खेळणारे अकरा जाहीर झाले. आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळी सातला पोरगं भरलं ताट सोडून का उठतं, हे आता लक्षात येईल.

या शब्दांत वाईट काही नाही. उलट यांत क्रिकेटची चांगली जाण लागते. हा प्रकार मुळात मित्रांमधल्या गमतीतून आला. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ऑक्रेंट नावाच्या संपादकाने मित्रांसोबत बेसबॉलचा असा कागदी संघ बनवण्याचा खेळ सुरू केला. ज्या हॉटेलात ते जेवायला जमत, त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी लीग’ म्हणू लागले. अख्ख्या हंगामाचा एक संघ, ओळखीची माणसं, आणि निकाल कळायला काही महिने. आपल्याकडे मोबाईलवर आला तेव्हा हंगामाचा एक दिवस झाला, मित्रांच्या जागी लाखो अनोळखी माणसं आली, आणि निकाल त्याच रात्री लागू लागला. औषधाचं विष कशाने होतं, तर मात्रेने. इथेही तेच झालं.

आकडा लावणे ते टीम लावणे

मराठीत ‘लावणे’ हे मोठं गमतीचं क्रियापद आहे. आपण झाड लावतो, दिवा लावतो, जखमेला मलम लावतो. आणि पैज लावतो, आकडा लावतो. आता पोरं ‘टीम लावतात’. त्यांनी ‘टीम बनवली’ असंही म्हणता आलं असतं, आणि जे फुकट खेळतात ते तसं म्हणतातही. पण पैसे आले की क्रियापद आपोआप बदलतं. भाषा खोटं बोलत नाही, ती अशी.

आकड्याचा इतिहास तर कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाने लक्षात ठेवावा असा आहे. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावांवर पैजा लागत. मटक्यातले ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथून आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला लागले; म्हणून नाव पडलं मटका. कापूस निघून गेला, मडकंही गेलं, शब्द मात्र राहिले.

पण मटक्याच्या बाबतीत एक गोष्ट होती. आकडा लावणाऱ्यालाही माहीत असायचं की हा जुगार आहे. तो टपरीमागे जाऊन चिठ्ठी घ्यायचा, घरी लपवायचा, आणि बायकोला संशय आला की ती थेट विचारायची, "आकडा लावला का?" त्या शब्दालाच लाज चिकटलेली होती. ती लाज हे एक प्रकारचं कुंपण होतं.

नव्या शब्दांनी ते कुंपण काढलं. जुगार म्हणायचं नाही, ‘कॉन्टेस्ट’ म्हणायचं. पैज म्हणायची नाही, ‘एंट्री फी’ म्हणायची. पैसे भरले म्हणायचं नाही, ‘वॉलेटमध्ये ॲड केले’ म्हणायचं. आईच्या कानावर ‘टीम’, ‘कॅप्टन’, ‘कॉन्टेस्ट’ पडतं आणि तिला वाटतं, पोरगं क्रिकेटमध्ये रमलंय. तिची काय चूक?

‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हेही पोरं ठामपणे सांगतात. कायद्याच्या भाषेत त्याला आधार होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फँटसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ मानलं होतं. कायद्याचा प्रश्न न्यायालयाचा. माझा प्रश्न झोप आणि छातीतल्या धडधडीचा आहे. पैसे भरायचे, आज रात्री काय होईल ते माहीत नाही, आणि उद्या पुन्हा संधी आहे, एवढ्या तीन गोष्टी मेंदूला पुरतात. उलट ‘माझ्यात कौशल्य आहे’ हा विश्वास माणसाला जास्त वेळ बांधून ठेवतो. आकडा हरला तर नशीब म्हणून गप्प बसता येतं. टीम हरली तर वाटतं, माझा अभ्यास कमी पडला, उद्या नीट करतो.

आता हिशेब बघू. मोठ्या स्पर्धेची एंट्री फी बऱ्याचदा ४९ रुपये असायची. पोरगं म्हणतं, "एकोणपन्नास म्हणजे काय सर, एक नाश्ता." खरं आहे. पण जीएल खेळणारा एका सामन्याला एकच टीम लावत नाही. वीस टीमपर्यंत लावता यायच्या. वीस गुणिले ४९ झाले ९८० रुपये. आयपीएलच्या एका हंगामात ७४ सामने. म्हणजे एका हंगामाचे ७२,५२० रुपये. त्यात कधी पन्नास, कधी दोनशे परत येतात आणि त्यालाच ‘विनिंग’ म्हणतात. ९८० घालून २०० आले, तर आपल्या हिशेबात ७८० गेले. त्याच्या बोलीत मात्र तो ‘विनिंग झोनमध्ये’ होता.

दोन शब्द, दोन अर्थ

दवाखान्यातले दोन शब्द या खेळात उलट्या अर्थाने वापरले जातात. ते प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावेत.

पहिला ‘रिकव्हरी’. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आजारांची जी नवी नियमावली काढली, तिच्यात जुगाराच्या आजाराला दारू आणि इतर व्यसनांच्या शेजारी बसवलं. त्याआधी तो सवयीवर ताबा नसण्याच्या आजारांत मोडत असे. त्या आजाराच्या नऊ लक्षणांपैकी एक लक्षण असं: हरल्यावर गेलेले पैसे भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला येणं. नऊपैकी चार लक्षणं एका वर्षात दिसली तर निदान होतं. म्हणजे ‘रिकव्हरी चालू आहे’ या एका वाक्यात माणूस आपलं एक लक्षण स्वतःच्या तोंडाने सांगत असतो. आपल्याला मात्र ते ‘सुधारणा चालू आहे’ असं ऐकू येतं.

दुसरा ‘विड्रॉल’. ॲपमध्ये विड्रॉल म्हणजे जिंकलेले पैसे खात्यात काढून घेणं, आनंदाची गोष्ट. आमच्याकडे विड्रॉल म्हणजे व्यसन सोडताना होणारा त्रास. दारू बंद केली की हात थरथरतात. खेळ बंद केला की चिडचिड होते, बेचैनी येते, झोप उडते, कशात मन लागत नाही. सामना नसलेल्या आठवड्यात पोरगं घरात भांडत असेल, तर तो आगाऊपणा नसून विड्रॉल असू शकतो.

मेंदूत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. ठरलेलं बक्षीस ठरलेल्या वेळी मिळालं तर मेंदू लवकर कंटाळतो. कधी मिळेल, किती मिळेल हे माहीत नसलं की तो वाट बघत राहतो. यात डोपामिन नावाच्या रसायनाचा मोठा हात आहे. त्याचा पुरावा आम्हाला भलत्याच आजारातून मिळतो. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही औषधं देतात. त्यांतल्या काहींना, आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेल्यांनाही, जुगाराची अनावर ओढ लागते आणि औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर ती बऱ्याचदा ओसरते. म्हणून ‘पोराला संस्कारच नाहीत’ म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण सांगतो. संस्कार आपल्या जागी आहेत. पण मेंदूची ही यंत्रणा सगळ्यांकडे सारखी असते आणि काहींची लवकर अडकते.

त्यात भर ‘थोडक्यात गेलं’ या वाक्याची. दोन गुणांनी नंबर हुकला, शेवटच्या ओव्हरमध्ये कॅप्टन आउट झाला, ‘टीममध्ये होता, ऐनवेळी काढला’. पैशाच्या हिशेबात थोडक्यात हरणं आणि सपाटून हरणं सारखंच. दोन्हींत पैसे जातात. पण मेंदूला थोडक्यात हरणं जवळजवळ जिंकल्यासारखं वाटतं आणि पुन्हा खेळावंसं वाटतं. जुगारावरच्या प्रयोगांत हे दिसून आलं आहे.

लढाईचे खेळ खेळणाऱ्या लहान मुलांचं काय?

आठवी-नववीतल्या मुलांच्या आया वेगळी काळजी घेऊन येतात. "दिवसभर ‘नूब’, ‘रश कर’, ‘क्लच मारला’ असलं काहीतरी ओरडतंय." मावशी, नूब म्हणजे नवखा, कच्चा लिंबू. रश म्हणजे चाल करून जाणं. क्लच म्हणजे सगळे साथीदार बाद झाले असताना एकट्याने डाव वाचवणं. ‘एएफके’ म्हणजे खेळ सोडून कुठेतरी गेलेला. आपण विटीदांडू, सूरपाट्या खेळताना जे ओरडायचो, त्याचीच ही नवी आवृत्ती. या शब्दांना घाबरू नका. वेळेचं मात्र बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा आजार वेगळा नोंदवला आहे. त्याच्या खुणा तीन: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. बहुतेक वेळा हे वर्षभर चाललेलं असावं लागतं. सुट्टीत चार तास खेळला म्हणून कुणी आजारी होत नाही.

मात्र याच मुलांच्या तोंडी ‘यूसी’, ‘डायमंड’, ‘क्रेट उघडायची’ असे शब्द आले तर थांबून विचारा. यूसी आणि डायमंड हे खेळातलं चलन आहे आणि ते खऱ्या रुपयांनी विकत घेतात. क्रेट म्हणजे बंद पेटी. आत काय निघेल ते माहीत नसताना उघडायची. बेल्जियममध्ये २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात धरलं गेलं. रुपयाचं नाव बदलून डायमंड झालं की खर्च झाल्यासारखं वाटत नाही. मोठ्यांच्या ‘वॉलेट’ची ही पहिली इयत्ता आहे.

कायदा झाला, आता काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळवायला आणि त्याची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्याच महिन्यात मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. भारतीय संघाच्या जर्सीवरचं ‘ड्रीम११’ हे नावही गेलं.

डॉक्टर म्हणून मला हा कायदा आवडला. पूर्वी जाहिरातीच्या शेवटी ‘यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते’ हे इतक्या घाईने म्हणून टाकायचे की पेशंटला सांगितलेलं पथ्य मला आठवायचं. एका कानाने आत, दुसऱ्या कानाने बाहेर. ती जाहिरात आता घरात येत नाही, हे चांगलंच झालं.

पण दुकान बंद झाल्याने तलफ बंद होत नाही, हे दारूबंदी झालेल्या गावांना सांगायला नको. आता माझ्या कानावर नवा शब्द येतोय: ‘आयडी’. "आयडी घेतला", "आयडीत बॅलन्स आहे". म्हणजे व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाकडून सट्ट्याच्या साइटचं खातं घ्यायचं आणि त्याला पैसे पाठवायचे. पूर्वीच्या ॲपवर निदान हिशेब दिसायचा, कर कापला जायचा. इथे तेही नाही. पैसे बुडाले तर तक्रार कुणाकडे करणार? ‘रमी’ या शब्दावर घरात आता लगेच नजर जाते. ‘आयडी’वर जात नाही. आधार कार्डाचा असेल, असं वाटतं.

घरच्यांनी काय ऐकावं, काय करावं

बहुतेक पोरं थोडं खेळतात आणि सोडून देतात, हेही खरं. म्हणून एखादा शब्द ऐकला की घरात रणकंदन करू नका. पण पुढच्या गोष्टींकडे कान असू द्या:

– ‘रिकव्हरी’, ‘लॉस कव्हर’, ‘एकदा निघाले की बंद’ ही भाषा.
– जिंकलेलं मोठ्याने सांगणं आणि हरलेल्याचा आकडा कधीच न सांगणं.
– शंभरात जी मजा यायची तिला आता हजार लागणं.
– सामना नसताना चिडचिड, सामना असताना जेवण-झोप सोडणं.
– उसनवारी, घरातली वस्तू गायब होणं, कर्जाच्या ॲपचे फोन.
– ‘आता सगळं संपलं’, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं बोलणं.

विचारताना त्याच्या बोलीत विचारू नका, रुपयांत विचारा. "टीम कशी गेली?" असं विचारलं तर "थोडक्यात हुकली" हे उत्तर मिळेल. "आजवर एकूण किती रुपये भरले आणि किती परत आले?" असं विचारा. बँकेचं स्टेटमेंट काढून दोघांनी मिळून वहीत लिहा. आमच्याकडे बीपीची वही असते तशी ही पैशाची वही. माझ्या अनुभवात या वहीइतकं डोळे उघडणारं दुसरं काही नाही. एकूण बेरीज बहुतेकांनी तोवर एकदाही केलेली नसते.

मारहाण करू नका, गावात बोभाटा करू नका. मोबाईल फोडून उपयोग नाही. मित्राचा मोबाईल असतोच. काही दिवस पैशाचे व्यवहार घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळावेत, यूपीआयची मर्यादा कमी करावी. कर्ज फेडायचं असेल तर ज्याचं आहे त्यालाच थेट द्यावं, पोराच्या हातात रोख देऊ नये. आणि शेवटच्या मुद्द्यासारखं काही ऐकलं, तर "जीवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?" हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, उलट ओझं हलकं होतं. अशा दिवसांत त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीची औषधं घरात असतील तर ती कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.

या आजारावर उपचार आहेत. मुख्य उपचार समुपदेशनाचा असतो; सोबत उदासी किंवा दारू असेल तर औषधं लागतात. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात दाखवता येतं. एवढ्या लांब जाणं लगेच जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांनाही एक विनंती: धडधड, झोप नाही, वजन उतरलंय आणि रिपोर्ट सगळे चांगले, असा तरुण समोर आला की तंबाखू-दारूसोबत "मोबाईलवर पैशाचं काही खेळतोस का?" हाही प्रश्न विचारा.

त्या तरुणाचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. त्या दिवशी त्याच्याच संमतीने वडिलांना आत बोलावलं आणि आकडा त्यालाच सांगायला लावला. वडील बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "कापूस पुन्हा येईल." बीडला चार-पाच चकरा झाल्या. कर्ज फिटायला वर्ष लागलं. २०२५ च्या आयपीएलमध्ये एका रात्री तो पुन्हा खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वडिलांसोबत दवाखान्यात आला. मी विचारायच्या आत म्हणाला, "सर, काल पाचशे रुपये हरलो. रात्रीच दादांना सांगितलं."

रिकव्हरी नाही, लॉस नाही, थोडक्यात गेलं नाही. हरलो, आणि किती ते रुपयांत. मी त्याची नाडी पाहिली, वजन केलं. चार किलो परत आलं होतं. केसपेपरवर मी लिहिलं: सुधारणा आहे.